बेफिकिरी नव्हे, जागाच नव्हती

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कोल्हापूर जिल्ह्यात संसर्ग लांबला तो ‘लोकांच्या बेफिकिरीमुळे’, हे एका लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मास्क हनुवटीवर अडकवून फिरणारे होतेच. पण इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची अनेक कुटुंबं एक-दीड खोलीत राहतात, संडास सामाईक. तिथं गृहविलगीकरण करायचं कसं? आमच्या शेजारच्या काकांसाठी मधे दोरीवर जुनी साडी टाकून आडोसा केला होता. मोरी तीच, पाण्याचं पिंपही तेच. बघता बघता सगळं घर तापानं फणफणलं. कोल्हापूरसह १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करायचं सरकारनं ठरवलं ते मे २०२१ संपत आल्यावर, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर मिळते हो. माग थांबला की त्या दिवसाचा पगार गेला. अंगात कणकण असूनही माणूस टेस्टला जात नव्हता, कारण पॉझिटिव्ह निघाला तर घरात बसवणार आणि त्या दिवसांचे पैसे कुणीच देणार नाही. या बुडालेल्या मजुरीबद्दल त्या एवढ्या मोठ्या लेखात एक ओळही नाही.