रिकाम्या कॅचची शिकवणी

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांसाठी, आणि विशेषतः ‘शिकून झालं’ असं समजून नोकरीला लागलेल्यांसाठी, काही अनुभवाचे बोल. गेल्या आठवड्यात दुसऱ्याचा कोड वाचायचा योग आला. तेव्हापासून हे ज्ञान पोटात मावत नाहीये.

क्लास, म्हणजे कोडचा एक स्वतंत्र तुकडा, शक्यतो एकच लिहावा. नाव ‘मॅनेजर’ ठेवावं, म्हणजे त्यात काय नसावं हे विचारायची कुणाची छाती होत नाही. बिल त्यानंच करावं, छापावंही त्यानंच, डेटाबेसशी बोलावं आणि ईमेलही धाडावी. सगळी फील्ड्स (आतली माहिती) प्रायव्हेट करावीत आणि लगेच आयडीईला (कोड लिहायच्या एडिटरला) सांगून प्रत्येकाला पब्लिक गेटर-सेटर (ती माहिती वाचायच्या-बदलायच्या मेथड्स) काढून घ्यावेत. व्हायवात विचारलंच तर ‘एन्कॅप्सुलेशन’, म्हणजे आतला डेटा झाकणं, म्हणावं. परीक्षकालाही घरी जायचं असतं.

इक्वल्स (दोन वस्तू सारख्या का ते सांगणारी मेथड) लिहावं, हॅशकोड (वस्तू कुठल्या कप्प्यात शोधायची ते ठरवणारा आकडा) लिहू नये. हॅशसेटमध्ये स्वतःच टाकलेली वस्तू पुन्हा सापडली नाही, तर ग्रहमान बघावं.

टेस्टचा डेटा नेहमी लहान आकड्यांचा घ्यावा. दोन इंटिजर ऑब्जेक्ट दुहेरी बरोबरच्या चिन्हानं ताडून पाहावेत; ते आकडा बघत नाही, ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं. जावा -128 ते 127 मधले ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवते, त्यामुळे 1, 2, 3 नंबरच्या ग्राहकांवर सगळं सुरेख चालतं. 128 वा ग्राहक आला की त्याचं तो बघेल.

टेस्टमध्ये असर्ट, म्हणजे उत्तर बरोबर आलं का ही तपासणी, लिहू नये. नुसती मेथड बोलवावी. एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना आलेली चूक) आलं नाही की जेयुनिट (टेस्ट चालवणारं साधन) हिरवं. कव्हरेजचा (टेस्टमध्ये किती कोड चालला त्याचा) आकडा वर जातो, मॅनेजर खूश. (माणूस मॅनेजर, क्लास नव्हे.) एखादी टेस्ट फारच हट्टानं लाल होत असेल तर वर ‘डिसेबल्ड’चं अ‍ॅनोटेशन चिकटवून शेजारी ‘तात्पुरतं’ लिहावं.

डीबगर (कोड ओळीओळीनं थांबवून दाखवणारं साधन) उघडू नये. ‘इथे आलं’, ‘इथे पण आलं’ असं प्रिंट करत बसावं.

स्टॅक ट्रेस (चूक कुठून कशी आली त्याची यादी) वाचू नये. मोबाइलनं स्क्रीनचा तिरका फोटो काढून वरच्या दोन ओळी ग्रुपवर टाकाव्यात आणि ‘सर, एरर येतोय’ म्हणावं. ‘कॉज्ड बाय’, म्हणजे मूळ कारण, खाली असतं, तिथवर स्क्रोल करायला बोटं दुखतात. जावा 15 पासून तर नल पॉइंटर एक्सेप्शन काही सेटिंग न करताही सांगतं की नेमकं काय नल (रिकामं) होतं म्हणून हे चालवता येत नाही. पण तेही वाचावंच लागतं ना!

आता मुख्य गुरुमंत्र. ट्राय लिहावं, खाली त्यातली चूक पकडणारा कॅच लिहावा, त्यात सरसकट ‘एक्सेप्शन’ पकडावं आणि महिरपी कंस उघडून लगेच बंद करावा. आत काही लिहू नये. लॉग (प्रोग्रामच्या नोंदवहीतली ओळ) नाही, कमेंट नाही, काहीच नाही. खाली ‘रिटर्न झिरो’. प्रोग्राम कधीच पडत नाही! परवाच्या कोडात हेच होतं. दरांची फाइल यायची, त्यातला दर इंटिजरच्या पार्सइंटला (मजकुराचा आकडा करणाऱ्या मेथडला) द्यायचा. एका भल्या माणसानं दर ‘1,25,000’ असा लिहिला, आपल्याकडे लिहितात तसा, स्वल्पविरामांसह. पार्सइंटला स्वल्पविराम चालत नाहीत, त्यानं नंबर फॉरमॅट एक्सेप्शन फेकलं. कॅचनं ते गिळलं. दर शून्य. बिल शून्य रुपयांचं, ग्राहकाच्या नावासह सुबक छापून गेलं. लॉग धुतल्यासारखा स्वच्छ. आम्ही डेटाबेस तपासला, नेटवर्क तपासलं, प्रिंटरवाल्याला फोन केला, टॅक्सची सगळी गणितं पुन्हा मांडली. आणि त्या एक्सेप्शनच्या मेसेजमध्ये ‘1,25,000’ हीच स्ट्रिंग अवतरणचिन्हांत लिहिलेली असते हो! मरणाऱ्यानं मरताना खुन्याचं नाव सांगितलं होतं, आणि तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. एक ओळ लॉगमध्ये टाकली असती तर चहा संपायच्या आत सापडलं असतं. रात्रीचे दोन वाजले.

या मेथडला टेस्ट होती बरं का. दर 100 देऊन. हिरवीगार.

दर काढणारा क्लास वेगळा असता तर त्याला ‘1,25,000’ देऊन बघायला मिनिटही लागलं नसतं. पण तो ‘मॅनेजर’च्या पोटात, एका प्रायव्हेट मेथडमध्ये, तिच्यापर्यंत पोचायला आधी डेटाबेस उभा करा, मग प्रिंटर जोडा. म्हणून त्या 100 च्या पुढे कुणी टेस्ट लिहीत नाही. आणि वर म्हणायचं, टेस्टिंगला वेळ मिळत नाही!

वेळ मिळत नाही काय? ‘इथे आलं’ छापायला मिळतो ना? अरे, एक्सेप्शन तुझ्या अंगावर धावून येत नाही, काय बिघडलंय ते सांगायला येतं. निस्तरता येत नसेल तर वर जाऊ दे, पडू दे प्रोग्राम. पडलेला प्रोग्राम दिसतो तरी. शून्याचं बिल ग्राहकाला दिसतं, आधी त्याला आणि मग आम्हाला. रिकामी फाइल, उणे आकडा, स्वल्पविराम, एखादी मोकळी जागा, हे घालून बघायला काय पदवी लागते? आणि लागत असेल तर ती तुझ्याकडे आहे, फर्स्ट क्लासची. उद्या सकाळी सगळ्या प्रोजेक्टमध्ये कॅच शोध, रिकामा दिसेल तो भर, नाहीतर काढून टाक. मी रिव्ह्यूला बसणार आहे, आणि ‘तात्पुरतं’ हा शब्द मला एकाही कमेंटमध्ये दिसता कामा नये.