संयम खेळाडूचा, पण तोल कोणी सांभाळायचा?

‘एकट्याने खेळायच्या गेममध्ये एखादी युक्ती फारच ताकदवान वाटत असेल, तर ती वापरू नका’ हे व्हिडिओ गेमविषयीच्या एका लेखातले म्हणणे मला अर्धेच पटले. २०११ च्या ‘स्कायरिम’ या काल्पनिक जगातल्या साहसाच्या गेममध्ये सुरुवातीला लोखंडाची एक लगड आणि चामड्याची एक पट्टी एवढ्यावर खंजीर तयार होई आणि असे खंजीर एकामागून एक ठोकत बसले की लोहारकामाचे कौशल्य भराभर वाढे, पुढे एका पॅचने (गेममधल्या दुरुस्तीने) ही वाढ वस्तूच्या किमतीशी जोडली, तेव्हा बरेच जण सोन्याच्या अंगठ्या घडवू लागले. हा मोह टाळणे तसे सोपे, कारण आपण काय करतो आहोत हे ऐरणीसमोर उभे असलेल्याला पक्के ठाऊक असते.

खरी अडचण वेगळीच आहे. अल्केमी (गुणकारी काढे बनवणे), एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवणे) आणि लोहारकाम ही कौशल्ये गेमनेच एकमेकांचे बळ वाढवणारी ठेवली आहेत, त्यामुळे सरळपणे खेळणाराही त्यांत नकळत गुंतत जातो आणि मोठमोठे शत्रू दोन घावांत आडवे होऊ लागले की मगच त्याला काहीतरी बिनसल्याचे जाणवते. मी शेवटी लोहारकामाला हातच न लावता, सापडतील तीच हत्यारे वापरायची असे ठरवून नव्याने खेळलो, तेव्हा गुहेतल्या पेटीत मिळालेल्या साध्या पोलादी कुऱ्हाडीचेही अप्रूप वाटले. मात्र असा नियम स्वतःवर घालून घ्यायला गेमची आतली गणिते आधी कळलेली असावी लागतात, आणि पहिल्यांदाच खेळणाऱ्याला ती कळणार कशी, याविषयी लेखात एक ओळही नाही.