घाव घाली, तरी हातात टाळ

लीड्सहून ब्रॅडफर्डला जाणारी सकाळची गाडी वीस-बावीस मिनिटांत पोचते. तेवढ्यात माझी पेपरातल्या क्रिप्टिक शब्दकोड्याची चार शोधसूत्रं सुटतात, दिवस चांगला असेल तर सहा. उरलेली जेवणाच्या सुट्टीत. आमच्या प्रयोगशाळेत सामान पोचवणारे एक गृहस्थ आहेत, साठीला टेकलेले, सोळाव्या वर्षी शाळा सोडलेले. कँटीनच्या कोपऱ्यात पेपराची चौपदरी घडी घालून ते बसलेले असतात, हातात पेन्सिलीचं बोटभर थोटूक. एखाद्या शब्दाची अक्षरं उलटीपालटी करून नवा शब्द काढायचा असला की ते ती ओळीत लिहीत नाहीत. समासात गोल मांडतात, घड्याळाच्या आकड्यांसारखी. ओळीत लिहिली की डोळा जुन्याच शब्दाला चिकटून बसतो. हे त्यांनीच मला शिकवलं.

त्याआधी मला इंग्रजी येतं असा माझा समज होता. या कोड्यात 'फ्लॉवर' म्हणजे फूल नसतं, 'फ्लो' होणारी ती फ्लॉवर, म्हणजे नदी. 'बँकर'सुद्धा नदीच, कारण तिला दोन्ही बाजूंनी 'बँक' असते. 'बटर' म्हणजे लोणी नव्हे, डोक्याने ढुशी देणारा बोकड. प्रत्येक सूत्रात एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ असतो आणि उरलेल्या भागात तो शब्द कसा जुळवायचा याची कृती. दोन्हींमधला सांधा कुठे आहे हे मात्र कुणी सांगत नाही. मला सुटलेलं पहिलं उत्तर होतं 'गोवा': जाण्यासाठी 'गो', एकासाठी 'ए', आणि अर्थ म्हणून एक राज्य. मी टेबलावर हात आपटला तर चहा सांडला. क्रिकेटची सूत्रं मला आयती मिळाली. 'डक' म्हणजे शून्य आणि 'मेडन'साठी 'एम' हे कोल्हापूरच्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही.

तर कोल्हापूर. माझा दादा तिथे असतो आणि आमच्यात गेली दोन वर्षं फोनवर एकच वाद चालू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा त्याने मला पेढ्यांचा फोटो पाठवला. पुढच्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची केली. त्यावर ओरड झाल्यावर जूनमध्ये शब्द मवाळ केले आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेऊन समिती नेमली. त्या अडीच महिन्यांत दादाने मला जितके मेसेज पाठवले तितके माझ्या लग्नाच्या वेळीही पाठवले नव्हते. त्याच्या बाजूने मी होतेच. सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादू नये, एवढं कळायला परदेशात यावं लागत नाही.

माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते त्याला पोरकट वाटलं. मी विचारलं, आपल्या घरी येणाऱ्या पेपरात आजचं शब्दकोडं काय आहे, वाच की. त्याने वाचलं: 'सूर्य, दोन अक्षरं.' 'जननी, दोन अक्षरं.' 'एक फळ, दोन अक्षरं.' आई हे कोडं चहानंतर दहा मिनिटांत सोडवते, तेही बॉलपेनने. वर्षानुवर्षं तोच 'रवी' आणि तीच 'माता'. मागे एकदा सोमवारचं कोडं गुरुवारी जसंच्या तसं आलं आणि आईशिवाय कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी म्हटलं, ज्या भाषेसाठी आपण रस्त्यावर उतरतो, तिच्याशी रोज सकाळी पेपरात एवढाच खेळ? हौशी मंडळी आपापसात गूढ कोडी घालतात, ठाऊक आहे मला. पण लाखो घरांत जाणाऱ्या पेपराला त्याची गरज वाटत नाही.

"इंग्रजीला मरायची भीती नाही, म्हणून तिला खेळ सुचतात," दादा म्हणाला. "ज्याचं घर पडायला आलंय तो पत्ते कुटत बसत नाही."

हे बिनतोड वाटतं. मलाही दोन दिवस वाटलं. मग १९४४ आठवलं. कागद रेशनवर होता, पेपर चार-सहा पानांवर आले होते, लंडनवर बॉम्ब पडून गेले होते आणि आणखी पडायचे होते. तरी डेली टेलिग्राफचं कोडं रोज येत होतं. इतकं रोज की त्या मे महिन्यात त्यात 'युटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड' ही उत्तरं आली. तीही नॉर्मंडीच्या स्वारीची गुप्त सांकेतिक नावं असताना. कोडं रचणाऱ्या लेनर्ड डॉ या शाळामास्तराची चौकशी झाली. घर खरोखरच पडत होतं आणि माणसं आडवे-उभे शब्द भरत होती. पत्ते कुटण्यासारखंच होतं ते, पण कुणी त्याला देशद्रोह म्हटलं नाही. (मास्तरांना तेवढं काही दिवस घाम फुटला असेल.)

दुसरं असं की हा खेळ इंग्रजांच्या रक्तातला मुळीच नाही. पहिलं शब्दकोडं छापलं न्यूयॉर्कच्या एका पेपराने, २१ डिसेंबर १९१३ ला. रचणारा आर्थर विन हा लिव्हरपूलचा खरा, पण सूत्रं साधी, आपल्या 'सूर्य, दोन अक्षरं'च्या जातीची. १९२४ साली लंडनच्या टाइम्सने या नादाने अमेरिका गुलाम झाली म्हणून नाकं मुरडली आणि १९३० च्या फेब्रुवारीत स्वतःच कोडं सुरू केलं. मधल्या काळात ऑब्झर्व्हरमध्ये 'टॉर्केमाडा' या टोपणनावाच्या माणसाने सूत्रांना पीळ द्यायला सुरुवात केली होती. पुढे त्या पिळाला नियम आले. त्यातला मला आवडणारा असा: मी जे बोललो तेच मला म्हणायचं असेल असं नाही, पण मला जे म्हणायचं आहे ते मी बोललेलं असलंच पाहिजे. फसवा, पण खोटं बोलू नका. म्हणजे दोन-तीन दशकांत, संपादकांनी जागा दिली आणि काही विक्षिप्त माणसांना रोज काम मिळालं, म्हणून हे उभं राहिलं.

आपल्याकडे त्याच सुमाराला शब्दकोड्याचं काय झालं, तर ते कोर्टात गेलं. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. एका जागी दोन-दोन शब्द बसायचे, बरोबर कुठला ते चालकाच्या पाकिटात. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला, महिन्याला हजार रुपयांवरची बक्षिसं बंद झाली, आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा स्पर्धा जुगारात काढल्या. योग्यच केलं. पण क्रिप्टिक सूत्र नेमकं उलटं असतं. उत्तर सापडलं की ते बरोबर आहे याचा पुरावा सूत्रातच असतो, पाकीट फोडावं लागत नाही.

खरं तर पीळ देण्यात आपण कुणाला हार जायचं कारण नाही. वाल्याला 'राम' म्हणता येईना म्हणून 'मरा मरा' जपायला सांगितलं, ही उलट्या अक्षरांची युक्ती आपल्याला शाळेआधी कळते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आणि सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. आणि पन्हाळ्याला जन्मलेल्या मोरोपंतांनी (आमच्या घरापासून तासाभराच्या आत, सांगायला हवंच) एकशे आठ रामायणं रचली. त्यांतल्या एकात ओठ जुळवावा लागेल असं अक्षर नाही. 'प', 'ब', 'म' नसताना रामाची गोष्ट! 'राम' हे नावच उच्चारायची सोय नाही.

मग रोजच्या पेपरासाठी सूत्रं का बनत नाहीत? मी बनवून पाहिली. गाडीत, परतीच्या वाटेवर.

'उलटा साप ओंजळीत मावतो (२)'. साप उलटा केला की पसा.

'उलटी लता गायकाने चुकवू नये (२)'. ताल.

'कोल्हापूरच्या शेपटीला येतो, पंचगंगेला विचारा (२)'. पूर. हे सूत्र २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या कुणालाही सुटेल, हसू मात्र येणार नाही.

'सज्जनाला मोटार मिळाली आणि तो व्याज मागू लागला (४)'. साव अधिक कार.

अडचणीही कळल्या. इंग्रजी शब्द वाक्यात शिरला तरी कपडे बदलत नाही, त्यामुळे नाम की क्रियापद ते कळू देत नाही. आपला घोडा वाक्यात शिरला की 'घोड्याला' होतो आणि प्रत्यय चुगली करतो. चौकटीचं गणित आणखी अवघड आहे. त्यांना सव्वीस अक्षरं, आपल्याला काना-मात्रा-वेलांट्यांसकट शेकडो. आडव्यातला 'नि' उभ्यात 'नी' हवा असतो आणि तिथे अख्खं शुद्धलेखन मंडळ आडवं येतं. म्हणून माझी मागणी माफक आहे. पूर्ण चौकट नको. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात रोज एक सूत्र द्या, उत्तर दुसऱ्या दिवशी. खाली रचणाऱ्याचं टोपणनाव. कुसुमाग्रज, गोविंदाग्रज, बी अशी टोपणनावं मिरवलेल्या भाषेला ती कमी पडायची नाहीत.

इथलं सगळं गोड आहे असं मात्र कुणी समजू नये. कोड्यात अजून 'शाळा' म्हटलं की 'ईटन' येतं, 'सैनिक' म्हटलं की जुन्या पलटणींची आद्याक्षरं. ज्यांच्या आजोबांकडे यातलं काही नव्हतं त्यांना हा सांकेतिक कोश पाठ करावा लागतो. आमच्या कँटीनवाल्या गृहस्थांनी केला, मीही केला. आणि 'आया' हा शब्द 'हिंदुस्थानातली दाई' म्हणून पहिल्यांदा आडवा भरला तेव्हा काही क्षण पेन्सिल हातातच राहिली. आमच्या गल्लीत बालवाडीच्या मुलांना घरी सोडायला येणाऱ्या बाईंना आम्ही आयाच म्हणायचो. इथे ती चार अक्षरांची सोय आहे.

तरी एक गोष्ट मला विसरता येत नाही. गार्डियनमध्ये 'अरॉकेरिया' या नावाने चाळीसेक वर्षं कोडी घालणारे जॉन ग्रॅहम हे मूळचे पाद्री. घटस्फोटामुळे चर्चची नोकरी गेली आणि कोडी हाच व्यवसाय झाला. जानेवारी २०१३ मध्ये, एक्याण्णव वर्षांचे असताना, त्यांनी एका कोड्यावर छोटी सूचना टाकली: अरॉकेरियाला अठरा उभा झाला आहे, तो एकोणीसचा, आणि त्यावर तेरा-पंधराचे उपचार चालू आहेत. लोकांनी नेहमीसारखं कोडं सोडवायला घेतलं. अठरा म्हणजे कॅन्सर. एकोणीस, अन्ननलिका. तेरा-पंधरा म्हणजे बरं होण्याची आशा सोडून केवळ त्रास कमी करणारी शुश्रूषा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते गेले. वाचकांशी रोजचं बोलणं असल्याशिवाय कुणी आपलं मरण असं त्यांच्या हातात ठेवत नाही.

हे मी दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते राहू दे. तुझी लेक मराठी वाचते का?"

वाचत नाही. बोलते, आजीशी भांडते, पण देवनागरी तिला चित्रासारखी दिसते. त्याची दोन मुलं इंग्रजी माध्यमात आहेत हे मला म्हणता आलं असतं, म्हटलं नाही. ती निदान पाट्या वाचतात. शनिवारी मी कागदाचे चौकोन कापले, एकेकावर एक अक्षर, फ्रिजवर चुंबकांनी लावले. 'नदी' उलटी करून 'दीन' झाली ते तिला आवडलं. 'दीन' म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं, मग ती मैत्रिणीकडे गेली. चौकोन अजून फ्रिजवर आहेत, दोन सोफ्याखाली गेलेत.

रविवारी आईला फोन केला आणि माझं सगळ्यात लाडकं सूत्र घातलं. 'घाव घाली, तरी हातात टाळ, चार अक्षरं.'

पलीकडे शांतता. मागे कुकरची शिट्टी झाली.

"वारकरी," आई म्हणाली. "वार, करी. पण 'घाली' असं कोण बोलतं गं आता?"

"'करी'ला जोड हवी ना, आई. 'घालतो' चालणार नाही."

"मग अभंगातलं आहे म्हणून सांग, म्हणजे कुणी काही बोलणार नाही." आणि थांबून, "बॉलपेन संपलंय माझं. थांब, ठेवू नकोस, आता मी घालते."