ॲव्हरेज किती देतं?

मुंजीसाठी हॉल बघायला आलेल्या काकांनी आत पाऊल टाकताच सगळे पंखे लावले. माझं रिमोटवर उडणारं छोटं विमान तेव्हा हवेत होतं; नंतर ते भिंतीवर होतं. दारावर ‘पंखे लावू नयेत’ असा कागद चिकटवलेला होता. काकांनी त्यावरच छत्री टेकवली होती.

“थर्माकोल ना हे?” मोडकी शेपटी उचलत त्यांनी विचारलं.

“डेप्रॉन, काका. तीन मिलिमीटरचं.”

“म्हणजे थर्माकोलच.”

रसायनाच्या हिशेबानं माणूस चुकत नव्हता, दोन्ही पॉलिस्टायरीनच. पण डेप्रॉनचे दाणे सुटत नाहीत, नव्या ब्लेडच्या दोन हलक्या फेऱ्यांत स्वच्छ कापलं जातं, ब्लेड बोथट असेल तर कड फाटते... एवढं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर पुढचा प्रश्न हजर.

“ॲव्हरेज किती देतं?”

“पाच-सहा मिनिटं उडतं.”

“बस? एवढ्यात आमच्या इंदुरात पोह्यांचा नंबर लागत नाही, भिया! बरं, एरोड्रमला विचारलं होतं का?”

“हॉलच्या आत उडवतोय, काका.”

“तरी विचारलेलं बरं. वजन?”

“एकशे चाळीस ग्रॅम.”

“पाव किलो शेवसुद्धा नाही!”

या १४० ग्रॅमसाठी किती जीव काढावा लागतो! फोम ४५, मोटर १८, शेपटी-पंखांच्या झडपा हलवणारे पाच-पाच ग्रॅमचे तीन सर्व्हो, दोन सेलची ३०० एमएएचची बॅटरी २२. बाकी स्पीड कंट्रोलर, रिसीव्हर, प्रोपेलर, कार्बनच्या पट्ट्या आणि डिंक. शेपटीला एक ग्रॅम डिंक जास्त झाला, की तोल सावरायला नाकाशी दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात, कारण गुरुत्वमध्यापासून शेपटी लांब आणि नाक जवळ. वजन वाढलं की वेग वाढवावा लागतो, आणि वेग वाढला की भिंत लवकर येते.

पंख्याचं म्हणाल, तर विमान जातं सेकंदाला चारेक मीटरनं. पंख्याखाली दोन मीटरनं हवा खाली येत असली, तरी पंखांना समोरून येणारा वारा एकदम वरून येतो. उचल संपते आणि नाक कितीही ओढा, वेळ उरत नाही. काकांना हे सांगितलं. “मग वर उडवायचं ना, पंख्याच्या वर,” ते म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी स्कूटरच्या डिकीतून झटपट चिकटणाऱ्या डिंकाची ट्यूब आणली आणि मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत शेपटीच्या भेगेवर ओतली. साधा सुपरग्लू हा फोम खातो. त्याला फोम-सेफ म्हणून मिळतो तोच लागतो, तोही सुईच्या टोकानं. भेगेच्या जागी बोटभर खड्डा पडला. काकांनी तो लांबून, जवळून, चष्मा काढून बघितला.

“माल हलका आहे,” ते म्हणाले.

आता शेपटी नवी कापायची, दांड्याला एक मिलिमीटरची कार्बन सळई लावायची, बिजागरीची कड ४५ अंशांत तासायची आणि तोल पुन्हा पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर आणायचा. एवढं करून हॉलची पावती बघावी तर भाडं वेगळं, साफसफाई वेगळी आणि खाली गोल अक्षरांत: पंखे, तासाप्रमाणे. आकारलेत पूर्ण वेळाचे. काका मात्र मुंज दुसरीकडे करणार आहेत म्हणे. इथं फार आवाज असतो.