अवतरणचिन्हं काढली, ‘दॅट’ घातला. पण बोललं कोण?

परीक्षा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘डायरेक्टचं इनडायरेक्ट पाच नियमांत, वाक्याचा अर्थ कळला नाही तरी पूर्ण मार्क.’ ‘इनडायरेक्ट’ म्हणजे इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगणं. नियम असे: अवतरणचिन्हं काढून ‘दॅट’ घाला, ‘सेड टू’चं कायम ‘टोल्ड’ करा, काळ कायम एक पायरी मागे न्या (‘इज’चं ‘वॉज’), ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’ आणि ‘हिअर’चं ‘देअर’ करा, ‘मस्ट’चं ‘हॅड टू’ करा. मी बावीस वर्षं इंग्रजीचे वर्ग घेते. यंदा माझ्याच वर्गातल्या तीन मुलांच्या आयांनी ‘मॅडम, एवढं पाठ करून घ्या’ म्हणून हा मेसेज मला पाठवला. मी ते पाठ करून घेणार नाही. का, ते सांगते.

सगळ्यात आधी जे या मेसेजमध्ये नाहीच त्याबद्दल. सर्वनामांविषयी त्यात अवाक्षर नाही, आणि आपली मुलं नेमकी तिथेच अडखळतात. मराठीत ‘की’ आला तरी बोलणाऱ्याचे शब्द बहुतेक वेळा जसेच्या तसे राहतात. ‘सुरेश म्हणाला की मी उद्या येतो’ या वाक्यात येणार सुरेश आहे, हे पहिलीतलं पोरही सांगेल. हेच इंग्रजीत ‘सुरेश सेड दॅट आय वुड कम’ असं नेलं की येणारी मी होते. आपल्याकडे अवतरणचिन्हं रुळली तीच एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीच्या वळणाने. मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात असलेले इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांचं नाव त्यासाठी घेतात. त्याआधी ‘म्हणून’, ‘असे’, ‘की’ यांवर भागत होतं, आणि बोलताना आजही भागतं. इंग्रजीत भागत नाही. तिथे ‘दॅट’नंतरचा ‘आय’ म्हणजे सांगणारा माणूस.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पहिल्याच नोकरीत यात सापडली. साहेब फोनवर म्हणाले, ‘फाइल मी पाठवतो.’ तिने ग्राहकाला मेल लिहिली: ‘सर सेड दॅट आय विल सेंड द फाइल.’ ग्राहक दोन दिवस तिच्या फाइलची वाट बघत राहिला आणि बोलणी तिने खाल्ली. तिने ती मेल मला दाखवली तेव्हा तिला चूक कुठे आहे हेच दिसत नव्हतं, कारण ‘दॅट’ तर जागेवर होता. ‘आय’च्या जागी ‘ही’ हवा होता, एवढंच.

आता ‘दॅट’कडे येऊ. साध्या विधानात तो चालतो, पण सक्तीचा नाही. ‘शी सेड शी वॉज टायर्ड’ हे पूर्ण शुद्ध इंग्रजी आहे. प्रश्नात मात्र तो चालतच नाही. ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ हे वाक्य मी दरवर्षी शेकडो वह्यांत खोडते. तो ‘दॅट’ म्हणजे आपला ‘की’ आहे: ‘त्याने विचारलं की तू कुठे चाललास.’ इंग्रजीत ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’. हो-नाही उत्तराचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’, आणि सांगितलेलं काम असेल तर ‘टू’: ‘द डॉक्टर टोल्ड हर टू रेस्ट’. ‘सेड टू’चं कायम ‘टोल्ड’ हा नियमही इथेच मोडतो, कारण प्रश्नाला ‘आस्क्ड’ लागतं. शिवाय ‘टोल्ड’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये ऐकणारा हवा. ‘ही टोल्ड दॅट’ चूक.

काळ कायम मागे? ‘शी सेज’ असेल तर काळ हलतच नाही. ‘हॅड गॉन’ला आणखी मागे जायला जागा नाही. ‘शुड’, ‘माइट’, ‘कुड’ तसेच राहतात. आणि गोष्ट अजूनही खरी असेल, तर वर्तमानकाळ ठेवता येतो. ही सवलत ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते’ असल्या कायम खऱ्या वाक्यांपुरतीच आहे असं मुलांना वाटतं. तसं नाही. मैत्रिणीचा भाऊ आजही नाशिकला राहत असेल तर ‘शी सेड हर ब्रदर लिव्ह्ज इन नाशिक’ बरोबर आणि ‘लिव्ड’ही बरोबर. पण ‘ही सेड ही इज इल’ म्हटलं की तो अजून आजारी आहे हे मी मानते आहे असं ऐकू येतं. ‘वॉज’ म्हटलं की ते त्याचं म्हणणं, मी फक्त पोचवते आहे.

आणि या ‘वॉज’चा अर्थ ‘होता’ नव्हे, हे मुलांना समजावताना माझा एक अख्खा तास जातो. ‘ती म्हणाली की तिला भूक लागली होती’ हे मराठी वाक्य ऐकलं तर भूक बोलण्याच्या आधीची वाटते. ‘शी सेड शी वॉज हंग्री’ मध्ये भूक बोलतानाचीच आहे. ‘सेड’ भूतकाळात आहे म्हणून ‘वॉज’ त्याच्या मागोमाग गेला. आधीची भूक सांगायची तर ‘हॅड बीन’.

‘टुमारो’चं तसंच. आईने सकाळी फोनवर ‘उद्या येते’ सांगितलं आणि मी दुपारी ते भावाला सांगितलं, तर ‘टुमारो’ हाच शब्द बरोबर. पुढच्या आठवड्यात सांगितलं तर ‘द नेक्स्ट डे’. त्याच खोलीत उभं राहून सांगत असू तर ‘हिअर’ बदलायचं कारणच नाही.

‘मस्ट’चा नियम तर घातक आहे. ‘यू मस्ट बी टायर्ड’ हा अंदाज आहे, ‘हॅड टू बी’ केलं की दमण्याची सक्ती होते. नकारात बघा: ‘यू मस्टन्ट टच द वायर’ हे पाठ केलेल्या नियमाने ‘डिडन्ट हॅव टू टच’ होतं, म्हणजे ‘हात लावायची गरज नव्हती’. मनाई गेली, मोकळीक आली. तिथे ‘मस्टन्ट’ ठेवा किंवा ‘टोल्ड हिम नॉट टू टच’ लिहा.

परीक्षेत सुटं वाक्य येतं, कोण कुणाला कधी सांगतंय हे दिलेलं नसतं, म्हणून तिथे काळ मागे नेणं आणि ‘द नेक्स्ट डे’ लिहिणं सुरक्षित. इतपत मेसेज बरोबर आहे, आणि मीही मुलांना तेच सांगते. पण वर्गात मी एकाला बोलायला लावते, दुसऱ्याला ते ऐकून व्हरांड्यातल्या तिसऱ्याला सांगायला पाठवते. परवा एक मुलगा दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, ‘मॅडम, हे त्याला आत्ताच सांगायचंय की उद्या?’