‘डॉक्युमेंटरीला गाण्याची परवानगी लागत नाही’ म्हणे!

पोळा जवळ आला की नागपुरात मारबतीवर, म्हणजे पुतळ्यांच्या त्या मिरवणुकीवर, फिल्म करायची हौस उसळते, आणि त्याबरोबर हौशी फिल्मवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्डही. थोडक्यात तो असा: डॉक्युमेंटरी बातमीसारखीच, म्हणून गाण्याची परवानगी नको. तीस सेकंदांच्या आत वापरा, पैसे कमवू नका, शेवटी नावं द्या. मिरवणुकीत आपोआप वाजणारं गाणं चालतं, जुनं भजन तर सगळ्यांचंच. आणि यूट्यूबने काढलं नाही म्हणजे प्रश्न मिटला.

तीस सेकंदांपासून सुरू करू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असा आकडा कुठेही नाही. तीसचा नाही, दहाचाही नाही. कलम ५२मध्ये टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन यांना सवलत आहे. तुमची फिल्म त्या गाण्याबद्दलच काही सांगत असेल, तर या सवलतीचा आधार घेता येईल. पण गाडी नागपूरच्या महाल भागातून इतवारीत शिरते आणि मागे मूड म्हणून गाणं लावलंय, त्यात समीक्षा कसली? हो, इंडिया टीव्ही विरुद्ध यशराज फिल्म्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२मध्ये अगदी क्षुल्लक वापराकडे दुर्लक्ष करता येतं, हे मान्य केलं. पण तिथेही घड्याळ लावलं नव्हतं. नुकसान किती, हेतू काय, असं सगळं तोललं होतं. तो युक्तिवाद कोर्टात उभं राहिल्यावर करायचा असतो. एडिटच्या टेबलावर त्याच्या भरवशावर बसू नये.

‘पैसे कमवत नाही’ याला कायद्यात किंमत आहे, पण शिक्षेच्या वेळी. कलम ६३मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलं नसेल, तर न्यायाधीश खास कारणं नोंदवून शिक्षा त्याहून कमी देऊ शकतात. म्हणजे गुन्हा झाला हे आधी धरूनच ही मेहेरबानी.

नाव देण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नाव द्यावंच, त्याने परवानगी मिळत नाही. फक्त ‘सेक्शन १०७प्रमाणे हा फेअर यूज आहे’ असं सांगणाऱ्या त्या इंग्रजी परिच्छेदाची गंमत सांगायला हवी. तो १९७६च्या अमेरिकन कायद्यातला. आपल्या कायद्याची कलमं ७९वरच संपतात, आणि आपली पोरं मराठी व्हिडिओखाली तो मजकूर गंडा बांधल्यासारखा चिकटवतात.

आता मिरवणूक. ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी, मागे बडग्यांचे पुतळे आणि त्या सगळ्यावर डीजेचं फिल्मी गाणं. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कलम ५२ सूट देतं, हे खरंच आहे. पण ती सूट वाजवणाऱ्याला. तुम्ही ते ध्वनिमुद्रित करून फिल्ममध्ये घातलं आणि ती फिल्म लोकांपुढे नेली, की काम वेगळं झालं. त्याच कलमात फिल्मच्या पार्श्वभूमीला सहज आलेल्या कलाकृतीला सवलत आहे, पण ती चित्र-शिल्पासारख्या कलाकृतींना. संगीत त्यात येत नाही. म्हणजे पिवळी मारबत फ्रेमभर दिसली तरी हरकत नाही, तिच्या मागचं गाणं मात्र अडतं.

आणि ते नंतर निघत नाही. एखाद्या आजीबाई मारबतीच्या जुन्या आठवणी सांगताहेत आणि डीजेचा बेस त्यांच्या प्रत्येक शब्दाखाली थाप मारतोय, असं फुटेज साफ करायला बसून पाहा; गाणं कापलं की आजीबाईही कापल्या जातात. म्हणून मुलाखती गल्लीतल्या घरात, दार लावून घ्या. गर्दीचा गलबला आणि ढोल-ताशा डीजेची गाडी पुढे गेल्यावर वेगळा रेकॉर्ड करा. मिरवणुकीच्या शॉटखाली तोच घालायचा.

‘जुनं भजन सगळ्यांचं’ हा मुद्दा आपल्याकडे सर्वांत जास्त गोत्यात आणतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला गेले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि ती मोजायची पुढच्या जानेवारीपासून. म्हणजे ज्यांच्या नावाने आपलं नागपूर विद्यापीठ आहे, त्यांच्या खंजिरी भजनांचे शब्द २०२८ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. तुकोबांचा अभंग मोकळा आहेच, पण त्याला विसाव्या शतकात कुणी चाल लावली असेल तर ती चाल मोकळी असेलच असं नाही. रेकॉर्डिंगचा हिशेब आणखी निराळा: प्रसिद्धीपासून साठ वर्षं. १९६४पर्यंत आलेल्या रेकॉर्डवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२४ अखेरपर्यंत संपला. पण त्याच रेकॉर्डवर शब्द गदिमांचे असतील तर २०३७ आणि चाल बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, असेल तर २०६२ संपेपर्यंत थांबा.

‘मग आपणच गाऊन घेऊ’ हा पुढचा तोडगा. त्याने कंपनीच्या रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटतो, शब्द आणि चालीचा नाही. कव्हरसाठी, म्हणजे आधीचं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करण्यासाठी, कलम ३१सीमध्ये जो परवाना आहे, तो नुसत्या ध्वनिमुद्रणापुरता, चित्राला जोडण्यासाठी नव्हे. खडी गंमत या विदर्भातल्या लोकनाट्याचा शाहीर तुमच्यासाठी परंपरेतली गीतं गाणार असेल, तर छानच. त्याला मानधन द्या आणि लेखी संमती घ्या, कारण गाणाऱ्याचा स्वतःचाही हक्क असतो.

यूट्यूबचं म्हणाल, तर तिथली यंत्रणा गाणं ओळखून बहुतेकदा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळवते आणि व्हिडिओ राहू देते. ती सोय त्या व्यासपीठापुरती. महोत्सवाच्या फॉर्मवर ‘सर्व हक्क घेतले आहेत’ याखाली सही तुमचीच असते.

परवानगी मागताना दोन दारं धरा: रेकॉर्डिंगसाठी म्युझिक कंपनी, आणि शब्द-चालीसाठी त्यांचे हक्क सांभाळणारा म्युझिक पब्लिशर किंवा खुद्द गीतकार-संगीतकार. कधी दोन्ही एकाच कंपनीकडे असतात, पण ते विचारून घ्यावं. बजेट तुटपुंजं असेल तर फक्त महोत्सवांपुरती परवानगी मागा, ती सहसा स्वस्त पडते. फोनवरच्या ‘हो हो, वापरा’वर जाऊ नका, परवाना लेखीच लागतो. पत्रात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. फिल्म इंटरनेटवर टाकायची असेल तर ‘जगभर’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे दोन शब्द पत्रात आहेत का, ते सही करण्याआधी पाहा.