ड्रायव्हर गेला, धूर गेला, पण गर्दी?

विनाचालक इलेक्ट्रिक गाड्या आल्या की शहरं धुरातून आणि गर्दीतून सुटतील, असं सांगणाऱ्या पोस्ट हल्ली सारख्या दिसतात. तंत्रज्ञानाबद्दल माझी शंका नाही. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात वेमो या कंपनीच्या टॅक्सीत २०२० पासून सर्वसामान्य प्रवासी ड्रायव्हरविना फिरतायत. धुराचं म्हणाल तर तोही जातो. (टायर झिजून उडणारी बारीक धूळ राहतेच, पण ते असो.)

माझं दुखणं जागेचं आहे. पेट्रोलची असो वा बॅटरीची, कार रस्ता तेवढाच अडवते. आणि ड्रायव्हर नसला तर ती रिकामीही फिरू शकते!

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी यावर एक झकास प्रयोग केला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. विनाचालक गाडी विकत मिळत नव्हती, म्हणून त्यांनी १३ कुटुंबांना आठवडाभर फुकट शोफर, म्हणजे गाडी चालवायला पगारी ड्रायव्हर दिला. गाडी बोलवा, कामाला पिटाळा, रिकामी परत पाठवा. त्यांच्या गाड्यांचं फिरणं ८३ टक्क्यांनी वाढलं. तेरा घरं म्हणजे नमुना अगदीच लहान, मान्य. पण फुकटचा शोफर मिळाल्यावर आपण तरी वेगळं काय केलं असतं?

दुसरा अभ्यास पोर्तुगालमधल्या लिस्बन शहराचा, २०१५ मधला, इंटरनॅशनल ट्रान्सपोर्ट फोरम या आंतरराष्ट्रीय संस्थेने संगणकावर केलेला. लोक विनाचालक गाड्यांत जागा वाटून बसले आणि जोडीला मेट्रो असली, तर दहातल्या नऊ गाड्या लागतच नाहीत. तीच गाडी प्रत्येकाने एकट्याने वापरली आणि मेट्रो काढून घेतली, तर रस्त्यावरचे एकूण किलोमीटर जवळजवळ दुप्पट. म्हणजे सगळा फरक शेजारच्या सीटवर कोणी बसलंय की नाही आणि जोडीला मेट्रो आहे की नाही, याचा.

गंमत म्हणजे विजेवर चालणारं विनाचालक वाहन शहरांत केव्हाच आलंय. जपानमधल्या कोबेमध्ये १९८१ पासून, फ्रान्समधल्या लीलमध्ये १९८३ पासून अशा मेट्रोसारख्या गाड्या स्वतंत्र मार्गांवर धावतायत. त्यांचं कौतुक कोणी करत नाही, कारण त्या आपल्या दारात उभ्या राहत नाहीत.

म्हणून माझं मत: हे तंत्रज्ञान आधी बसला द्या, मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतच्या छोट्या शटलला द्या. आणि रिकाम्या फिरणाऱ्या खासगी गाडीवर दर किलोमीटरमागे दणदणीत कर लावा, आत्ताच, गाड्या घरोघरी पोचायच्या आधी. पार्किंगच्या पैशांपेक्षा चकरा मारणं स्वस्त पडलं, तर मालक गाडीला दिवसभर चकराच मारायला लावेल.